विद्यापीठातलं पहिलं वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या वर्षातल्या बहुतेक अडचणी सुरुवातीला किरकोळ असतात. त्या उशिरा लक्षात येतात आणि मग जड जातात. चौथ्या आठवड्यात न समजलेलं प्रकरण दोन संध्याकाळींत भरून निघतं. तेच बाराव्या आठवड्यात ध्यानात आलं, तर तोवर त्याच्यावर आणखी चार-पाच प्रकरणं रचली गेलेली असतात. म्हणून खालच्या उत्तरांत काय करायचं याइतकंच ते कधी करायचं, हेही सांगितलं आहे. आठवड्यांचा हिशोब १५-१६ आठवड्यांच्या सेमिस्टरचा आहे. तुमचं सत्र लहान-मोठं असेल तर त्या मानाने मागेपुढे करून घ्या.

पहिल्या आठवड्यात शिकवणं धड सुरूच होत नाही. मग त्या आठवड्यात करायचं काय?

तारखा गोळा करायच्या आणि कागदपत्रं मार्गी लावायची. इतका मोकळा आठवडा सेमिस्टरमध्ये पुन्हा येत नाही.

प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळवा आणि त्यातले धडे वाचण्याआधी गुणांची विभागणी वाचा: अंतर्गत चाचण्यांना किती टक्के, असाइनमेंटला किती, शेवटच्या परीक्षेला किती, हजेरीची अट काय, उशिरा सबमिशन केलं तर किती गुण कापतात. मग एका मोठ्या कागदावर आठवड्यांचे १६ चौकोन आखा आणि सगळ्या विषयांच्या सगळ्या तारखा त्या एकाच कागदावर उतरवा. विषयवार वह्यांमध्ये तारखा लिहिल्या की एक गोष्ट दिसत नाही: प्रत्येक शिक्षक आपापल्या सोयीने सातवा-आठवा आठवडा निवडतो आणि चार विषयांची कामं एकाच आठवड्यात येऊन आदळतात. ही टक्कर पहिल्याच आठवड्यात दिसली, तर त्यातली दोन कामं पाचव्या आठवड्यात सुरू करता येतात.

याच आठवड्यात ओळखपत्र, ग्रंथालयाचं खातं आणि विद्यापीठाचा ईमेल चालू करून घ्या. ईमेल फोनवर येईल अशी सोय करा, कारण वर्ग रद्द झाल्यापासून ते फॉर्म भरण्याच्या मुदतीपर्यंत सगळं तिथेच येतं आणि 'मी मेल पाहिला नव्हता' हे कारण कुठलंही कार्यालय ऐकत नाही. विषय बदलायची आणि विषय सोडायची शेवटची तारीख त्या मोठ्या कागदावर लाल शाईने लिहा. तिचा उपयोग पुढे येईल.

दिवसाला तीन-चारच तास असतात. तरी सगळे वेळ नाही म्हणून का ओरडतात?

कारण वेळापत्रकात कामाचा फक्त तिसरा हिस्सा दिसतो. अनेक ठिकाणी क्रेडिटचं, म्हणजे विषयाचा भार मोजण्याच्या एककाचं, गणित असं असतं: एका क्रेडिटला आठवड्याला वर्गात एक तास, तर त्यासाठी वर्गाबाहेर दोन तास. युरोपातल्या पद्धतीत हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगतात: एक क्रेडिट म्हणजे एकूण २५ ते ३० तासांचं काम आणि पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट.

पहिल्या हिशोबाने तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय घेतले असतील तर वर्गात १५ तास आणि बाहेर ३०, म्हणजे आठवड्याला ४५ तास. आठवड्यात एकूण तास १६८. झोपेचे ५६ काढा, जेवणखाण, अंघोळ, कपडे, येणं-जाणं यांचे २५ काढा आणि अभ्यासाचे हे ४५ काढा. उरतात ४२. म्हणजे वेळ भरपूर आहे. पण वर्गाबाहेरच्या ३० तासांना कोणी घंटा वाजवत नाही, त्यामुळे ते आधी वाया जातात.

बहुतेकांचे ते जातात दोन तासांमधल्या फटींत. दहाचं लेक्चर संपलं, पुढचं एकला आहे, खोलीवर जाऊन येऊ म्हटलं की दोन तास संपले. या फटींना आठवड्यातून तीन दिवस तरी ठरलेली जागा द्या. ग्रंथालयातलं तेच टेबल, त्याच वेळी, तोच विषय. 'संध्याकाळी निवांत बसू' ही योजना हॉस्टेलमध्ये फारशी टिकत नाही, कारण संध्याकाळी बाकी सगळेही निवांत असतात.

शाळेत मी वर्गात पहिली यायचे. इथे डोक्यावरून जातंय. माझी कुवतच कमी आहे का?

आधी साधा हिशोब पाहा. इथे तुमच्या शेजारी बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या शाळेत पहिले यायचे. त्यांच्यातही कोणीतरी मध्यावर येणार आणि कोणीतरी मागे राहणार. त्यामुळे क्रमांक घसरला म्हणून बुद्धी घसरली असं होत नाही.

वेगही बदललेला असतो. शाळेत जो भाग महिनाभर चालायचा तो इथे आठवड्यात उरकतो. शिवाय उदाहरणं सोडवून घेणं, उजळणी, 'हे महत्त्वाचं आहे' असं सांगणं ही शिक्षकांची कामं आता तुमच्याकडे आली आहेत.

'कळत नाही' हे तीन प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. नुसते शब्द अनोळखी असतील, तर त्या विषयातल्या संज्ञांची स्वतंत्र यादी करा. पंधरवड्यात फरक पडतो. वर्गात कळतं पण घरी प्रश्न सुटत नाही, असं असेल तर सराव कमी पडतोय. सोडवलेलं उदाहरण झाका, कोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहा, अडलात तर फक्त पुढची एक ओळ उघडा. तिसरा प्रकार त्रासाचा: मागचा पायाच कच्चा आहे. याची खूण म्हणजे शिक्षक 'हे तर तुम्हाला माहीतच आहे' म्हणतात आणि नेमकं तेच माहीत नसतं. अशा वेळी चालू प्रकरणावर डोकं आपटू नका. ते प्रकरण कशावर उभं आहे हे शिक्षकांना विचारा आणि शाळेचं पुस्तक काढायला लाजू नका. हे काम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झालं पाहिजे.

नोट्स घेताना सगळं लिहिलं तर ऐकायचं राहतं, ऐकलं तर लिहायचं राहतं. मधला मार्ग कोणता?

स्लाइडवर जे आहे ते लिहू नका. ते बहुधा नंतर मिळतं. स्लाइडवर नसलेलं लिहा: शिक्षकाने तोंडी दिलेलं उदाहरण, फळ्यावर केलेली मधली पायरी, एखाद्याने विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर.

पानाची आखणी करायची असेल तर कॉर्नेल पद्धत सोपी आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी ती १९५० च्या दशकात रूढ केली. डावीकडे साधारण सहा सेंटिमीटरची पट्टी सोडायची, खाली पाच सेंटिमीटरची. वर्गात फक्त उजव्या मोठ्या भागात लिहायचं. त्याच दिवशी संध्याकाळी डाव्या पट्टीत त्या मजकुरावरचे प्रश्न लिहायचे आणि खालच्या पट्टीत पानाचा सारांश दोन-तीन वाक्यांत. पुढे उजळणीच्या वेळी उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. बरेच जण रेघा आखतात आणि डावी पट्टी कोरीच ठेवतात. मग ती नुसती समास सोडलेली वही होते.

चार वेळा वाचूनही परीक्षेत आठवत नाही. स्मरणशक्ती वाढवायला काय करू?

स्मरणशक्तीला दोष नाही, पद्धतीला आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग मांडले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती वेळाने किती विसरलं हे मोजायचं. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि मग तो मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या उजळण्यांमधलं अंतर वाढत गेलेलं चालतं. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी, हा क्रम बहुतेकांना झेपतो. या आकड्यांत जादू नाही. एकाच दिवशी चारदा वाचण्याऐवजी चार वेगवेगळ्या दिवशी भेट द्यायची एवढंच त्याचं मर्म.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं, असं धरून चालू नका. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे गट करून पाहिलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचन झाल्यावर 'सगळं येतंय' असं वाटतं, ते याच पहिल्या पाच मिनिटांतलं समाधान असतं. हायलायटरचंही तेच. पान पिवळं होतं, डोकं कोरं राहतं.

तेव्हा पुस्तक मिटा, दहा मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगात भरा. तो वेगळा रंग म्हणजेच तुमचा पुढचा अभ्यास. हे करताना वाचण्यापेक्षा जास्त दमायला होतं आणि आपल्याला काहीच येत नाही असंही वाटतं. तसं वाटू द्या.

सकाळचं पहिलं लेक्चर हमखास बुडतं. रात्री झोपच येत नाही.

यात थोडा वयाचा भाग आहे. किशोरवयाच्या शेवटी शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, झोप उशिरा येते. पण बाकीचा भाग सवयीचा आहे. १८ ते २५ वयाला साधारण ७ ते ९ तास झोप लागते. सोमवार ते शुक्रवार पाच तास झोपून शनिवार-रविवारी दुपारी बारापर्यंत झोपलं की शरीराला दर आठवड्याला परदेशी जाऊन आल्यासारखं होतं. सोमवारी सकाळी त्याची वसुली होते.

झोपायची वेळ ठरवून ती पाळता येत नाही. उठायची पाळता येते. म्हणून उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशी फार तर एक तास सूट. उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बाहेरच्या उजेडात या. कॅफीन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. म्हणजे रात्री ९ ला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री २ वाजताही काम करत असतं. दुपारी ३ नंतर चहा-कॉफी नको, एवढा एकच नियम पाळून पाहा. फोन चार्जिंगला हाताच्या अंतरावर ठेवू नका. गजर बंद करायला उठावं लागेल इतका लांब ठेवा.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याबद्दल: सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हालचालींवरची पकड रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढिली पडते, असं १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं. सकाळी ७ ला उठलेला विद्यार्थी मध्यरात्रीच तिथे पोचतो. राहिलेलं प्रकरण सोडून झोपलेलं परवडतं.

प्राध्यापकांना भेटायला संकोच वाटतो. 'एवढंही येत नाही?' असं म्हणाले तर?

बहुतेक शिक्षक आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात आणि त्या वेळी त्यांच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र दाराबाहेर रांग लागते. तिसऱ्या आठवड्यात गेलात तर वीस मिनिटं मिळतील, त्या रांगेत दोन.

'मला हा धडा कळला नाही' असं म्हणत जाऊ नका, कारण त्याला शिक्षकाकडे उत्तर नसतं. ते धडा परत सांगतील आणि तुम्ही मान डोलवाल. अर्धवट सुटलेला प्रश्न कागदावर घेऊन जा आणि बोट ठेवून सांगा: 'सर, इथपर्यंत आलो. पुढच्या ओळीत चिन्ह का बदललं ते कळत नाही.' असा विद्यार्थी आला की बहुतेक शिक्षक खूश होतात. दोनच प्रश्न न्या, तिसरा पुढच्या वेळी.

मेल करायचा असेल तर विषयाच्या जागी विषयाचं नाव आणि काम लिहा. मजकूर एवढाच पुरे: 'आदरणीय मॅडम, मी पहिल्या वर्षाच्या ब तुकडीत आहे, नोंदणी क्रमांक अमुक. दुसऱ्या असाइनमेंटच्या चौथ्या प्रश्नात माहिती कुठल्या तक्त्यातून घ्यायची याबद्दल शंका आहे. मी तिसरा तक्ता धरून सोडवलं आहे, फोटो जोडला आहे. ते बरोबर आहे का, की पाचवा धरायचा?' खाली पूर्ण नाव. रात्री ११ ला पाठवलेल्या मेलला दोन कामकाजाचे दिवस द्या, मग एकदाच नम्र आठवण करा. मेल पाठवण्याआधी उत्तर सिलॅबसमध्ये तर नाही ना, हे बघा. ते बहुतेक वेळा तिथेच असतं.

घरची फार आठवण येते. सगळे मजेत दिसतात, मीच एकटा रडतो.

मजेत दिसणाऱ्यांतले कितीतरी जण बाथरूममध्ये नळ सोडून रडून आलेले असतात. ही ओढ सहसा पहिल्या काही आठवड्यांत तीव्र असते आणि हळूहळू ओसरते. संध्याकाळ, रविवारची दुपार आणि आजारपण या वेळा अवघड. दिवसभर धावपळ असते तेव्हा आठवण दबून राहते आणि मोकळ्या वेळेला वर येते, म्हणून रविवारी दुपारी काहीतरी ठरलेलं असू द्या, मग ते कपडे धुणं का असेना.

घरी फोन जरूर करा, पण वेळ ठरवून. दिवसातून सहा वेळा व्हिडिओ कॉल केला की मन घरातच राहतं आणि खोलीत फक्त शरीर असतं. रात्री झोपण्याआधीचा फोन टाळा, त्यानंतर झोप लागत नाही. जवळ राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा: दर शनिवारी घरी पळालात तर शनिवार-रविवारी इथे ज्या ओळखी होतात त्या होत नाहीत, आणि मग सोमवारी अजून परकं वाटतं. जमलं तर पहिली फेरी चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास ठेवा. परतीचं तिकीट जातानाच काढा.

आठवण येणं वेगळं आणि आजार वेगळा. दिवसातला बराचसा वेळ उदास वाटणं, आवडीच्या गोष्टींतही मन न लागणं, झोप किंवा भूक बिघडणं, वर्गाला जाणंच बंद होणं, हे सलग दोन आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, असा विचार आला तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच वेळी जवळच्या माणसाला सांगा आणि एकटे राहू नका; वॉर्डन, तातडीची हेल्पलाइन किंवा रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. मित्राने असं काही बोलून दाखवलं तर 'कोणाला सांगू नकोस' हे वचन देऊ नका.

दोन महिने झाले, अजून जवळचं कोणी मिळालं नाही. माझ्यात काही कमी आहे का?

तासांचा हिशोब करून बघा. जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की नुसत्या ओळखीची सहज मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतपत व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. आठवड्याला पाच तास भेट होत असेल तर पहिल्या टप्प्यालाच दहा आठवडे. शाळेतली मैत्री लवकर झाल्यासारखी वाटते, कारण तिथे रोज सहा तास एकाच बाकावर होतात.

म्हणून तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतील अशी जागा शोधा. पन्नास जणांच्या पार्टीपेक्षा दर बुधवारी भेटणारा सात जणांचा नाटकाचा, चालण्याचा किंवा गणिताचा गट बरा. सुरुवातीला एक किंवा दोनच गट धरा. पहिल्या आठवड्यात आठ क्लबांत नाव घालणारे पाचव्या आठवड्यात एकातही दिसत नाहीत. वर्गात जागा फार बदलू नका. शेजारी तोच राहिला तर 'कालचं लिहून घेतलंस का?' एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या पंधरवड्यात जमलेला घोळका वर्षभर टिकेलच असं नाही, त्यात नसल्याची खंत बाळगू नका.

रूममेटशी पटत नाही.

खटके सहसा पाच-सहा गोष्टींवर उडतात: दिवा किती वाजता बंद, गजर किती वेळा वाजणार, पाहुणे कधी, फोनवर बोलायचं कुठे, कोणाच्या वस्तू कोण वापरणार, झाडायचं कोणी. पहिल्या आठवड्यात, भांडण नसताना, हे बोलून कागदावर लिहा. थोडं वेडगळ वाटतं, पण उपयोगी पडतं.

त्रास झाला तर पहिल्या-दुसऱ्या वेळीच सांगा. दहा वेळा गिळून अकराव्या वेळी फुटलात, तर समोरच्याला ते आभाळ कोसळल्यासारखं वाटतं, कारण त्याला आधीचे दहा माहीतच नसतात. 'तू नेहमी गोंधळ घालतोस' असं म्हणू नका. 'काल एकपर्यंत स्पीकर चालू होता, मला आठचं लेक्चर आहे, अकरानंतर हेडफोन लावशील का?' असं म्हणा. दोनदा बोलूनही फरक नसेल तर वॉर्डनकडे जा. चोरी, धमकी, मारहाण, अंगाला हात लावणं या गोष्टींत समजुतीची पायरी नसते, थेट तक्रार करायची.

सीनियर 'ओळख परेड'च्या नावाखाली त्रास देतात. सहन करायचं का?

नाही. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय म्हणाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. पहिल्या प्रसंगानंतर तक्रार झाली तर पुढचे बरेचदा होत नाहीत.

महिन्याचे पैसे वीस तारखेलाच संपतात.

पैसे महिन्याने येतात, खर्च रोज होतो, हीच अडचण. आल्या दिवशी भाडं, मेस, प्रवासाचा पास, फोन असे ठरलेले खर्च बाजूला काढा. दहावा हिस्सा अडीअडचणीला वेगळ्या खात्यात टाका. उरलेल्याचे चार भाग करून दर सोमवारी एक भाग वापराच्या खात्यात घ्या. मग पैसे फार तर शनिवारी संपतील, वीस तारखेला नाही. पहिले ३० दिवस प्रत्येक खर्च लिहा, त्यानंतर लिहायची गरज राहत नाही, गळती कुठे आहे ते कळलेलं असतं. पुस्तकं दुसऱ्या आठवड्याआधी विकत घेऊ नका. यादीतली काही शिक्षक उघडतही नाहीत आणि काही ग्रंथालयात मिळतात.

सोबत अर्धवेळ नोकरी जमेल का?

वर सांगितलेल्या ४२ तासांतून आठवड्याला १० ते १२ तास सहसा निघतात. त्याहून जास्त तास करावे लागत असतील तर विषय कमी घेता येतात का ते विचारा. रात्रपाळी मात्र पहिल्या सेमिस्टरमध्ये शक्यतो नको.

गटाने करायच्या प्रकल्पात सगळं काम माझ्यावरच येतं.

पहिल्या बैठकीत कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकासमोर एकच नाव लिहा. दोन नावं लिहिली की ते काम कोणाचंच नसतं. गटाची अंतिम तारीख खऱ्या तारखेच्या ४८ तास आधी ठेवा. कोणी गायब झालं तर मध्यावरच शिक्षकांना कळवा. सबमिशननंतर केलेल्या तक्रारीचा उपयोग नसतो.

इंटरनेटवरून घेतलं, पण वाक्यं बदलली. तरी ती वाङ्मयचोरी कशी?

शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचा आणि त्याचा उल्लेख नाही, म्हणून. जशीच्या तशी ओळ घेतली तर अवतरणचिन्ह आणि उल्लेख दोन्ही हवेत. आपल्या शब्दांत मांडलं तर उल्लेख हवाच. पहिल्या वर्षी बहुतेक जण मुद्दाम चोरत नाहीत. आधी इकडून-तिकडून उतारे एका फाइलमध्ये चिकटवतात, पंधरवड्याने आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे विसरतात. म्हणून चिकटवतानाच उतारा वेगळ्या रंगात ठेवा आणि त्याच्या शेजारी लेखक, वर्ष, पान लिहा.

एआयबाबत प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असू शकतो, तो असाइनमेंट हातात आल्यावरच विचारा. ही साधनं अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेख बेधडक संदर्भ म्हणून देतात. ग्रंथालयात न सापडणारा संदर्भ दिला की पकडलं जाणं ठरलेलं. कच्चे खर्डे जपून ठेवा. लेखनावर शंका आली तर ते तुमचेच आहे हे दाखवायला खर्ड्यांइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पहिल्या चाचणीत नापास झालो. वर्ष गेलं का?

आधी आकडेमोड. चाचणीला विषयाच्या १५ टक्के भार आहे आणि तुम्हाला १०० पैकी ४० पडले, तर एकूण गुणांतले ९ गेले. अजून ९१ पर्यंत जाता येतं. सरासरीही क्रेडिटच्या भारानुसार निघते: चार क्रेडिटच्या विषयात ६ आणि दोन क्रेडिटच्या विषयात ९ गुणांक असेल, तर २४ अधिक १८ भागिले ६, म्हणजे ७. साडेसात नाही. मोठ्या क्रेडिटच्या विषयाला जास्त वेळ का द्यायचा, ते यात आलं.

मग उत्तरपत्रिका मागून घ्या. गेलेला प्रत्येक गुण चारांपैकी एका कारणाखाली टाका: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ संपला. पहिल्याला अभ्यास लागतो, दुसऱ्याला न बघता लिहिण्याचा सराव, तिसऱ्याला प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची सवय आणि चौथ्याला घड्याळ लावून सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका. सगळ्यांवर 'आता जास्त अभ्यास करीन' हा एकच उपाय लावणारे पुन्हा तिथेच येतात.

दुसरी चाचणीही अशीच गेली, तर लाल शाईने लिहिलेली विषय सोडायची तारीख उलटण्याआधी सल्लागारांशी बोला. सोडल्याने शिष्यवृत्ती, हॉस्टेल किंवा व्हिसाची किमान क्रेडिटची अट मोडत नाही ना, हे आधी तपासा.

आजारी पडल्यावर चाचणी बुडली तर?

चाचणीच्या आधी कळवा, दोन ओळींत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याच दिवशी घ्या. मागल्या तारखेची कोणी देत नाही. गर्दीच्या हॉस्टेलमध्ये सर्दी-ताप पहिल्या काही आठवड्यांत फिरतोच. मेनिंगोकॉकल मेंदूज्वर विरळा असला तरी हॉस्टेलमध्ये नव्याने राहायला आलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो, म्हणून लशीबद्दल प्रवेशाआधीच डॉक्टरांना विचारा. जोराचा ताप, भयंकर डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, दाबून न जाणारं पुरळ, यांतली लक्षणं एकत्र दिसली तर सकाळची वाट बघायची नाही.

शाखाच चुकली असं वाटतंय. बदलावी का?

हा प्रश्न सहाव्या-सातव्या आठवड्यात, पहिल्या चाचण्यांच्या निकालाबरोबर सर्वाधिक विचारला जातो. त्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. विषय अवघड जातोय की नकोसा झालाय, हे आधी वेगळं करा. गुण चांगले असूनही पुस्तक उघडवत नसेल तर शंका खरी असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या वर्षाचे विषय पायाभूत असतात आणि पुष्कळदा कंटाळवाणे. म्हणून तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस काढून वाचा, तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना त्यांचा नेहमीचा मंगळवार कसा जातो ते विचारा आणि जिकडे जायचं मनात आहे त्या विभागाच्या तीन-चार तासांना परवानगी घेऊन मागे बसा. ओढ तरीही तितकीच राहिली तर कार्यालयातून तीन गोष्टी लेखी घ्या: बदलाच्या अर्जाची मुदत, लागणारे किमान गुण, आणि आतापर्यंतची किती क्रेडिट नव्या शाखेत धरली जातील. बदलाला लागणारे गुण बहुधा सध्याच्या शाखेतलेच बघतात, त्यामुळे निघायचं ठरलं तरी चालू सेमिस्टरच्या परीक्षा सोडू नका.